ब्रिटिश नाटकांतला वर्गसंघर्ष: सुरुवात कुठून करावी?

कातरवेळ
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण महिन्यातून एकदा जमून नाटक मोठ्याने वाचतो. गेल्या खेपेला शॉचं ‘पिग्मॅलियन’ आणि पुलंची ‘ती फुलराणी’ लागोपाठ वाचली. नुसत्या उच्चारावरून माणसाची पायरी ठरते, हे सगळ्यांनाच फार लागलं. आता १९५० नंतरची, वर्गाच्या प्रश्नाला थेट भिडणारी ब्रिटिश नाटकं हवी आहेत. कोणतं आधी घ्यावं?

नेपथ्य
बहुतेक जण जॉन ऑस्बर्न या नाटककाराचं ‘लुक बॅक इन अँगर’ (लंडनचं रॉयल कोर्ट थिएटर, १९५६) सुचवतील. शिकून-सवरून गोळ्या-चॉकलेटांचा स्टॉल चालवणारा जिमी, आणि वरच्या वर्गातून आलेली त्याची बायको ॲलिसन. तिचे वडील कर्नल रेडफर्न १९१४ साली भारतात आले आणि १९४७ मध्ये परत गेले. सगळं बदललं याचं त्यांना दुःख, काहीच बदललं नाही याचं जिमीला. ॲलिसन हे वडिलांना बोलून दाखवते, ती जागा जरूर वाचा. पण पहिलं नाटक म्हणून हे नको. जिमीचा राग व्यवस्थेपर्यंत क्वचितच पोचतो, निघतो तो समोर इस्त्री करणाऱ्या बायकोवर. शिवाय बराच वेळ तो एकटाच बोलतो, बाकीचे पाच जण काय करणार?

माझा आग्रह नाटककार अर्नोल्ड वेस्करच्या ‘रूट्स’चा (१९५९). नॉरफोकच्या शेतमजुराची मुलगी बीटी लंडनहून घरी येते. तिच्या तोंडी सारखी रॉनीची, तिच्या मित्राची वाक्यं. तो येणार म्हणून सगळं घर गोळा होतं, आणि येतं फक्त त्याचं पत्र: आपलं जमायचं नाही. मग बीटी चिडून बोलायला लागते आणि मध्येच तिला कळतं की हे शब्द रॉनीचे नाहीत, आपले स्वतःचे आहेत. घरचे मात्र तिच्याकडे लक्ष न देता जेवायला बसतात. मला ते जेवण फार छळतं.

दुसरी_घंटा
‘रूट्स’ला अनुमोदन. शेलाघ डिलेनीचं ‘अ टेस्ट ऑफ हनी’ही (१९५८) यादीत हवं. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड या कामगारवस्तीच्या शहरातल्या मायलेकींचं आहे, आणि लिहिणारी मुलगी तेव्हा विशीचीही नव्हती.

पण पहिलं नाटक कॅरिल चर्चिलचं ‘टॉप गर्ल्स’ (१९८२) घ्या. निदान शेवटचा प्रवेश तरी. गावातल्या स्वयंपाकघरात दोन सख्ख्या बहिणी. मार्लीन लंडनमध्ये मोठ्या हुद्द्यावर, तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंवर खूश. जॉइस चार ठिकाणी साफसफाईची कामं करते, आणि मार्लीनची मुलगी आपली म्हणून वाढवते. महागडी गाडी दिसली तर आपण अंगठीने ओरखडा काढतो, असं जॉइस सांगते. मालक-मजुरांचं भांडण संपावर तरी मिटतं. इथे दोघी एका आईच्या लेकी आहेत आणि जॉइस शेवटपर्यंत मिटवून घेत नाही. तिचं मला पूर्ण पटतं.

कातरवेळ
ठरलं, ‘टॉप गर्ल्स’. पुस्तक चाळलं, पण वाक्यांमध्ये तिरक्या रेघा आहेत. त्यांचं काय करायचं?

दुसरी_घंटा
रेघ आली की समोरच्याने बोलायला सुरुवात करायची, आणि पहिल्याने न थांबता आपलं वाक्य पुरं करायचं. पहिल्या प्रवेशात सहा बायका जेवायला बसतात, तिथे सुरुवातीला गोंधळ होईल. म्हणून आधी बहिणींचा प्रवेश दोघींनी दोन-तीनदा वाचून बघा.