‘फिल्टर’ म्हणजे गाळणे, चाळणे की निवडणे?

प्रश्न : पुतण्या इथे सोलापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प काय, तर समुद्रावरच्या धूसर चित्रांतून जहाज आपोआप ओळखायचं. (समुद्र नाही, म्हणून चाचणी हिप्परग्याच्या तळ्यावर!) चित्र साफ करणाऱ्या ‘इमेज फिल्टर’ला मराठी सारांशात त्याने ‘प्रतिमा-गाळणी’ लिहिलंय. मला चहाच आठवतो. दुसरा शब्द आहे का?

उत्तर : कुठला फिल्टर, ते आधी विचारा त्याला. मीडियन असेल तर ‘निवडणे’ म्हणा. चित्रातल्या ३ × ३ च्या चौकटीतले नऊ ठिपके (पिक्सेल) उजेडाच्या क्रमाने लावायचे आणि पाचव्याची किंमत मधल्या ठिपक्याला द्यायची. जुन्या टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तसा भलताच पांढरा किंवा काळा ठिपका रांगेच्या टोकाला जातो आणि बाद होतो. शाळूतले खडे निवडतो तेच हे.

दुसरे उत्तर : पण सरासरीचा फिल्टर काहीच निवडत नाही ओ, नऊच्या नऊ कालवतो. साडीच्या काठाचा रंग धुण्यात अंगावर उतरावा तशी जहाजाची कड पाण्यात उतरते. मीडियनमध्ये काठ बऱ्यापैकी टिकतो. मात्र लांबची होडी चित्रात चारच ठिपक्यांची असेल, तर खडा समजून तीही निवडून टाकली जाते!

प्रश्नकर्ता : आणि धुकं? ते कसं निवडणार?

पहिले उत्तरकर्ते : तिथे गाळणं, चाळणं, निवडणं सगळंच चुकतं. जहाजाकडून येणारा उजेड वाटेत विखुरतो, वर धुक्याचा पांढुरका उजेड त्यात मिसळतो. अंतर वाढेल तसं मिसळणं वाढतं. दुधातलं पाणी गाळणीने निघतं का? किती मिसळलंय याचा अंदाज बांधून ते वजा करावं लागतं. मी ‘धुके उतरवणे’ म्हणेन. ‘निर्धूसरीकरण’ कृपा करून नको.

दुसरे उत्तरकर्ते : ‘ओळखणे’ही जपून वापरा. चित्रातली वस्तू कितपत कळते हे ठरवणाऱ्या, जॉन्सन या अमेरिकी लष्करी संशोधकाच्या १९५८च्या निकषांत काहीतरी आहे एवढं कळणं वेगळं, ते कोणत्या जातीचं आहे हे कळणं वेगळं. पहिल्याला आपल्याकडे ‘हेरणे’ हा नेमका शब्द आहे.

प्रश्नकर्ता : मग हेरणेच लिहायला सांगतो. काल हिप्परग्यावर त्याच्या प्रोग्रॅमने बगळ्याला होडी ठरवलं.