गोव्यातल्या पॅरिश शाळांनी नुसती भाषाच मारली का?

सासष्टीकर: काल एकाने टाकलंय, "चर्चच्या शाळांनी गोव्यात भाषा मारण्यापलीकडे काही केलं नाही." डोकंच फिरलं. अहो, मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनाविधीला, गाणारी पोरं हवी म्हणून का होईना, पण पॅरिश शाळेतला मेस्त्री, म्हणजे चर्चचा संगीतमास्तर, गावच्या पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फा (पाश्चात्त्य सारेगम) आणि व्हायोलिन शिकवायचा, म्हणून तर पुढे मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नोटेशन घडाघडा वाचणारे वादक मिळाले ते बहुतेक गोंयकारच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, वडील चर्चचे क्वायरमास्टर. हे काहीच नाही?

डिचोलीवाला: व्हायोलिन दिलं म्हणून 1684 माफ? तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोला असा व्हाइसरॉयचा हुकूम, शिकवायचं काम पाद्री आणि शाळामास्तरांकडे. आमच्याकडे नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या तालुक्यांत, पंतोजींनी मराठी टिकवली, मेस्त्र्यांनी नव्हे.

सासष्टीकर: हुकूम सरकारचा. त्याआधी 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राशोलला छापलं, मराठीत. ते सोयीस्कर विसरता.

डिचोलीवाला: एक पुराण दाखवून किती वर्षं खाणार?

आई_मडगाव: जुनं उकरताय, 1990 चं बोला ना. प्रायमरीला अनुदान फक्त कोकणी-मराठीला म्हटल्यावर डायोसेसनच्या, म्हणजे चर्चच्या, शाळा रातोरात कोकणी झाल्या. माझी मुलगी चौथीपर्यंत कोकणीत हुशार, पाचवीला सगळं इंग्रजी, वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. रोज रडायची. ह्याची भरपाई कोण देणार?

रोमीप्रेमी: आणि ती कोकणीसुद्धा देवनागरीत!! आमची माय प्रार्थना वाचते रोमीत, म्हणजे रोमन लिपीतल्या कोकणीत, पोर शिकते देवनागरीत, घरात कोणाला कोणाची वही वाचता येत नाही. ह्यावर मोर्चे नाहीत कोणाचे.

डिचोलीवाला: घ्या, आता लिपी. 2011 ला इंग्रजीला अनुदान देऊन सरकारने प्रश्नच मिटवला, मातृभाषेचा. आणि लावून कोणी धरलं होतं?

आई_मडगाव: आम्ही पालकांनी, आणि परत धरू. तुम्हाला भाषा वाचवायचीय ना, स्वतःच्या पोरांवर वाचवा, आमची पोरं काय प्रयोगशाळा आहेत?

डिचोलीवाला: आवाज खाली ठेवा ताई.

सासष्टीकर: अरे मी व्हायोलिनबद्दल लिहिलं होतं...

डिचोलीवाला: बरं बाबा, मेस्त्र्याला दंडवत, हिंदी सिनेमाची पार्श्वभूमी त्याने वाजवली, खूश? पण तो धडा आजच्या किती शाळांत उरलाय? जे खरंच चांगलं होतं तेवढंच नेमकं बंद पडलं.

आई_मडगाव: विषय बदलू नका. तुमचा नातू कुठल्या मीडियमला आहे ते सांगा आधी.