हीटिंग परवडत नाही तेव्हा घर ऊबदार कसं ठेवता? तुमचे अनुभव लिहा

मागच्या आठवड्यात न कळवता आईकडे गेले. दार उघडलं तर स्वेटरवर कोट, कोटावर शाल, पायात दोन-दोन मोजे. हीटर बंद. "आत्ताच बंद केला गं," म्हणाली. मी हीटरला हात लावून पाहिला, गारठलेला होता. टेबलावर आधीच्या महिन्याचं बिल पडलं होतं आणि आकड्याखाली तिने पेनाने दोनदा रेघ मारली होती.

आईचं वय ७६. तिच्या खोलीत मी थर्मामीटर ठेवला, त्याने १३ दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे, आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, दीर्घ आजारी यांना त्याहून थोडं जास्तच लागू शकतं. म्हणजे आई जिला काटकसर म्हणत होती ती तिच्या तब्येतीतून जात होती.

"एक स्वेटर जास्त घाला" हे सांगणारे खूप भेटतात. मला करून पाहिलेलं ऐकायचंय. कशाने फरक पडला, कशावर पैसे वाया गेले, काय करताना चूक झाली. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

* * *

आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात मोठा हीटर आला. घरातली हवा कुठून निसटते ते शोधायचं सुचलं दुसऱ्या हिवाळ्यात. आधी ते केलं असतं तर हीटर कदाचित लागलाच नसता.

शोधायची पद्धत अगदी साधी. बाहेर वारा असेल असा दिवस निवडायचा, सगळी दारं-खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, आणि उदबत्ती पेटवून चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवायची. पडदे आधी बाजूला करा. धूर सरळ वर चढत असतो. फट आली की तो एकदम आत वाकतो आणि तुटतो. तिथे पेन्सिलने फुली मारायची. आमच्या दोन खोल्यांत अकरा फुल्या झाल्या. खिडकीची रबरं वाळून तडकली होती हे दिसत होतंच. पण सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे माझा अंगठा जाईल एवढं भोक होतं, आणि ते इतकी वर्षं कपाटाच्या दारामागे दडलेलं. सर्वांत जास्त वारा दाराखालून येत होता.

चौकटीला चिकटणारी फोमची पट्टी लावली. पहिल्यांदा लावली ती आठ दिवसांत सुटली, कारण चौकट मी नुसती फडक्याने झटकली होती. साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून मग लावली, ती तीन हिवाळे टिकलीय. दाराखाली ठेवायला जुन्या पँटचा एक पाय कापून शिवला, आत चिंध्या आणि थोडी वाळू भरली. वाळू हवी, नाहीतर ती गुंडाळी वाऱ्याने सरकते.

हीटर पूर्वीइतकाच वेळ चालतो. पहाटे खोली १५ वर यायची, आता १७-१८ असते.

* * *

वरच्या दादांनी लिहिलेलं सगळं पटलं, फक्त एक हात जोडून सांगणं आहे. फटी बुजवा, पण गॅसवर किंवा लाकूड-कोळशावर चालणारं काहीही घरात असेल तर त्याच्यासाठी ठेवलेली हवेची जाळी बुजवू नका.

माझ्या आत्याच्या घरी एका रात्री हीटिंग बंद पडलं, म्हणून त्यांनी कोळशाची शेगडी झोपायच्या खोलीत आणून दार लावून घेतलं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, त्यांना वाटलं सर्दी-तापाची सुरुवात आहे. माझा आतेभाऊ पाणी प्यायला उठला तो दारातच कोसळला, त्या आवाजाने आत्या जागी झाली. सगळे वाचले. एक मिनिट उशीर झाला असता तर, हा विचार अजून मला झोपू देत नाही. या वायूचा अलार्म मिळतो, तो लावा. आणि गॅसची शेगडी किंवा ओव्हन उघडा ठेवून खोली तापवू नका.

* * *

भाड्याच्या घराबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. घरमालक खिडक्या बदलणार नाहीत आणि भिंतीला खिळाही ठोकायचा नाही, अशा घरात मी पाच वर्षं काढली.

खिडकीला आतून लावायची पारदर्शक फिल्म मिळते. चौकटीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, त्यावर फिल्म ताणायची आणि केस वाळवायच्या ड्रायरने गरम हवा मारायची. सुरकुत्या डोळ्यांदेखत नाहीशा होतात आणि फिल्म ढोलाच्या चामड्यासारखी ताठ होते. काच आणि फिल्मच्या मध्ये जी हवा अडकते तीच काम करते. हलू न शकणारी हवा उष्णता फार हळू जाऊ देते. खिडकीपाशी बसलं की मानेवर जो गारवा उतरायचा तो थांबला. उन्हाळ्यात काढून टाकायची, रंग निघू नये म्हणून टेप ड्रायरने गरम करून ओढायची. जी खिडकी रोज उघडता किंवा अडचणीत बाहेर पडायला जिचा उपयोग आहे, तिला लावू नका.

पॅकिंगचा फुगेवाला प्लॅस्टिक कागदही लावून पाहिला. ऊब राहते, पण बाहेरचं काही दिसत नाही. दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला ते सोसत नाही. मी तो फक्त न्हाणीघराच्या खिडकीवर ठेवला.

पडदे! आमचे जमिनीपर्यंतचे सुंदर जाड पडदे रेडिएटरवरून (खिडकीखालचं, आतून गरम पाणी फिरणारं हीटिंगचं पॅनेल) खाली जात होते. सगळी ऊब पडदा आणि काच यांच्या मध्ये, आणि आम्ही बाहेर कुडकुडत. पडदे खिडकीच्या कट्ट्यापर्यंत दुमडून टाचले. एका संध्याकाळचं काम, खर्च काहीच नाही. ऊन असेल तेव्हा पडदे सताड उघडे, मावळायला लागलं की लगेच बंद.

* * *

माझं काम विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचं. लोक विचारतात, कोणता हीटर कमी वीज खातो? तेलाचा, पंख्याचा, सळ्यांचा, सगळे एका युनिट विजेतून एका युनिटएवढीच उष्णता देतात. २००० वॉटचा हीटर पूर्ण ताकदीने तासभर चालला की दोन युनिटं गेली. महागड्या डब्यात भरला म्हणून तो जास्त तापवणार नाही. फरक एवढाच की तेलाचा हळू तापतो आणि बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो, पंख्याचा लगेच तापवतो, सळ्यांचा समोर बसलेल्या माणसाला थेट लागतो.

अपवाद हीट पंपाचा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उचलून आत आणतो, म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिटं उष्णता मिळू शकते. ज्या एसीत गरम हवेची सोय असते तो बहुतेक वेळा हीट पंपच असतो. कितीतरी घरांत असा एसी भिंतीवर आहे आणि खाली प्लगचा हीटर चालू आहे. एसीच्या रिमोटवर सूर्याचं चिन्ह आहे का, आज बघाच.

आणि पूर्ण खोलीऐवजी माणूस तापवता येतो. विजेचं ब्लँकेट शंभर वॉटच्या आसपास घेतं. मी संध्याकाळी हिशेब करायला बसतो तेव्हा पाय आणि मांड्या त्यात, खोली १८ वर. पूर्वी २२ लागायचे. हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. जळून काळे झालेले बोर्ड मी दर हिवाळ्यात हातात घेतो.

* * *

रेडिएटर वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा अडकलीय. हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर, वरच्या कडेच्या स्क्रूला छोटी चावी लावून पाव वळसा द्यायचा, खाली फडकं धरायचं. आधी सुस्स आवाज येतो, मग पाण्याचे थेंब. थेंब आले की बंद. नंतर बॉयलरचं (रेडिएटरसाठी पाणी तापवणारं यंत्र) प्रेशर बघा, पाणी गार असताना साधारण एक ते दीड बार असावं.

दुसरं म्हणजे, थर्मोस्टॅट वर फिरवला म्हणून घर लवकर तापत नाही. तो फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. आमच्याकडे बाहेरून आलेला प्रत्येक जण तो पूर्ण फिरवायचा आणि मग विसरायचा. एक अंश खाली ठेवला तर हीटिंगची सुमारे सात टक्के ऊर्जा वाचते, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२२ मधला अंदाज आहे. ज्यांच्या घरात २१-२२ आहे त्यांच्यासाठी हे. तुमच्या आईंसाठी मुळीच नाही.

कंडेन्सिंग बॉयलर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुरातलीही उष्णता वापरणारा बॉयलर, असेल तर रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान ६० किंवा त्याखाली आणून पाहा. परतणारं पाणी ५५ च्या खाली आलं तरच तो धुरातली उष्णता नीट परत मिळवतो. आमचा कित्येक वर्षं ८० वर होता. मात्र नळाचं गरम पाणी टाकीत साठत असेल तर ती टाकी ६० च्या खाली आणू नका, त्यात जंतू वाढतात.

* * *

आमचा अनुभव नुकसानीचा आहे. पैसे वाचवायला आम्ही मुलीच्या खोलीतलं हीटिंग पूर्ण बंद केलं, ती आमच्याच खोलीत झोपायची. धुतलेले कपडे त्या रिकाम्या खोलीत वाळत घालायचो. दोन महिन्यांनी भिंतीलगतचं कपाट ओढलं तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळे ठिपके. तिच्या बाहुल्यांच्या पेटीला ओला कुबट वास. आणि तिचा खोकला तेव्हापासून जो सुरू झाला तो फेब्रुवारीत थांबला.

एका धुण्यातून दोनेक लिटर पाणी हवेत जातं. श्वास, स्वयंपाक, अंघोळ वेगळंच. गरम हवा ती वाफ धरून ठेवते आणि गार भिंतीला लागली की सोडून देते. म्हणून न वापरायची खोलीसुद्धा पूर्ण गारठू द्यायची नाही, आणि तिचं दार लावून ठेवायचं, म्हणजे बाकी घराची ओलसर हवा तिथे जात नाही.

आता कपडे न्हाणीघरात वाळतात, दार बंद, हवा बाहेर टाकणारा पंखा चालू. भांड्यांवर झाकण. सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडतो. थंडीत खिडकी उघडायला मन धजत नाही हे मला माहीत आहे, पण तेवढ्यात फक्त हवा बदलते, भिंती आणि सामान गरमच राहतं. दिवसभर खिडकी बोटभर उघडी ठेवण्यानेच घर जास्त गारठतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलंय, ६० टक्क्यांच्या वर आकडा गेला की उठून खिडक्या उघडायच्या.

* * *

तान्हं बाळ असेल तर भीतीने आपण अतीच करतो. बाळाच्या झोपायच्या खोलीला १६ ते २० अंश पुरतात. मी टोपी, मोजे, दोन ब्लँकेटं असं सगळं चढवायचे. नर्सने मानेच्या मागे हात घालून दाखवला, घामाने चिकट झाली होती. हातपाय गार लागतात त्यावरून ठरवायचं नाही, छाती किंवा मान बघायची. झोपताना डोक्यावर टोपी नको, पाळण्यात गरम पाण्याची पिशवी नको.

* * *

लेकी, तुझ्या आईने जे केलं तेच मी दोन हिवाळे केलं. तू फोन केलास की ती हीटर चालू आहे म्हणत असेल. मीही म्हणायचो. मुलांचे स्वतःचे खर्च असतात, त्यात आपली भर कशाला, एवढंच मनात असतं.

म्हातारपणी थंडी वाजतेय हे शरीर वेळेवर सांगत नाही. मला वाटायचं सहन होतंय. सकाळचं ब्लडप्रेशर मात्र चढत होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवायच्या आधी विचारलं, घरात किती तापमान असतं? थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, त्याने दाब वाढतो, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

मुलाने तीन खोल्यांचा हट्ट सोडायला लावला. पलंग, खुर्ची, पुस्तकं असं सगळं दुपारचं ऊन येणाऱ्या लहान खोलीत आणलं. तीच एक खोली १९-२० वर, बाकीच्या १५-१६ वर. जमिनीवर जाड सतरंजी. झोपायच्या अर्धा तास आधी पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. उकळतं पाणी ओतायचं नाही, आणि दोन-तीन वर्षांनी पिशवी बदलायची. माझी जुनी पिशवी शिवणीत फुटली, पोटरीवर डाग अजून आहे. दर तासाला उठून घरात दोन फेऱ्या मारतो.

बिलाचंही सांगतो. थकबाकी व्हायच्या आधी मी कंपनीला फोन केला आणि वर्षाची रक्कम बारा सारख्या हप्त्यांत मागितली. दिली त्यांनी. हिवाळ्यातल्या त्या एका मोठ्या आकड्याच्या धसक्यानेच मी हीटर बंद ठेवत होतो.

आईला रागावू नकोस.

* * *

काका, रागावले नाही. तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण "ते हप्त्यांचं परत वाच" म्हणाली.

शनिवारी उदबत्ती फिरवली. तिच्या पलंगाच्या उशाशीच खिडकीची फट निघाली, ती बुजवली आणि पलंग आतल्या भिंतीकडे सरकवला. पडदे टाचले. हप्त्यांसाठी सोमवारी तिच्यासोबत बसून फोन केला. थर्मामीटर आता तिच्या खुर्चीसमोर आहे आणि रोज रात्री नऊला ती मला फोनवर आकडा सांगते. काल १८ म्हणाली. मी विचारलं नव्हतं, पण फोनमधून हीटरचा पत्रा तापताना टिकटिक वाजतो ना, तो आवाज येत होता.