पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा: कोल्हापूरच्या मैत्रिणींनो, अनुभव लिहा

गरम वाफांबद्दल आपण बोलतो, पण खालची जळजळ, खाज, संबंधांच्या वेळचं दुखणं अंगावर काढतो. योनीत वापरायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन (पाळी गेल्यावर घटतं ते बायकांचं हार्मोन) कुणी घेतलंय? काय दिलं, कधी फरक पडला, लिहा. नाव नको, पेठ पुरे.

मंगळवार पेठ: मला सारखं लघवीचं इन्फेक्शन. अँटिबायोटिक संपलं की पुन्हा तेच. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी तपासून सांगितलं, "काकू, इस्ट्रोजेन कमी झालं की आतलं अस्तर पातळ पडतं, चांगले जंतू घटतात, म्हणून हे होतंय." इस्ट्रिओलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं क्रीम दिलं. आधी रोज रात्री, काही आठवड्यांनी आठवड्यातून दोनदा. झोपताना लावायचं, अ‍ॅप्लिकेटर साबणानं धुऊन वाळवायचा, बस्स. जळजळ आधी गेली, इन्फेक्शनं हळूहळू कमी झाली. बायांनो, वयावर ढकलून बसू नका गं.

राजारामपुरी: मी शिक्षिका. दिवसभर उभं राहायचं, क्रीम ओघळायचं. मग 10 मायक्रोग्रॅमची इस्ट्राडायॉलची (हेही इस्ट्रोजेनच) गोळी मिळाली, तीही आतच ठेवायची. 2 आठवडे रोज, नंतर आठवड्याला दोन. खोक्यातल्या कागदावर कॅन्सर, पक्षाघाताचा ठळक इशारा वाचून हातपाय गळाले होते. डॉक्टर म्हणाल्या, ती भीती 2002 साली पोटात घ्यायच्या गोळ्यांच्या अभ्यासातून आली. हा डोस रक्तात जेमतेम उतरतो. अमेरिकेच्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनंही नोव्हेंबर 2025 मध्ये तो ठळक इशारा काढायचं जाहीर केलं.

शाहूपुरी: गरम वाफांना यानं काही फरक नाही. त्याचं औषध वेगळं.

कसबा बावडा: माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी चालू आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी हायलुरोनिक अ‍ॅसिडचं बिनहार्मोनचं जेल दिलं. माझं तेवढ्यावर भागतंय. अशा बायकांनी मैत्रिणीची ट्यूब उचलून लावू नये, कळकळीनं सांगते.

उत्तरेश्वर पेठ: बरं वाटल्यावर डॉक्टरांना विचारून थांबवून बघितलं. काही महिन्यांत कोरडेपणा परत, आता चालूच. आणि पाळी गेल्यावर ठिपकाभर जरी रक्त दिसलं तरी आधी तपासणी, मग क्रीम.

रंकाळा: लघवी धरवत नाही, त्याला उपयोग होतो का?

मंगळवार पेठ: घाईनं लागायची ती माझी कमी झाली. खोकताना थेंब जातात त्याला मात्र मॅडमनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे (लघवी रोखताना आवळतो ते) व्यायाम दिलेत.