ऑन्डॅनसेट्रॉन देऊनही रिकव्हरीत उलट्या: तेच पुन्हा द्यायचं का?

रिकव्हरी_कॉट_४
दुर्बिणीतून पित्ताशय काढलेली चाळिशीची बाई. धूम्रपान नाही, फॉर्मवर 'गाडी लागते' लिहिलंय. भूल देतानाच उलटी रोखणारं ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ शिरेतून गेलं, उलटीसाठी दुसरं काही नाही. भुलीला सेव्होफ्लुरेन आणि नायट्रस हे वायू, शेवटी दुखण्याला मॉर्फिन. ऑपरेशन दीड तासाचं. रिकव्हरीत आल्यावर वीस मिनिटांत दोन उलट्या, आता कोरडे उमासे. पुन्हा ऑन्डॅनसेट्रॉन ४ मिग्रॅ द्यावं की ग्रॅनिसेट्रॉन? आणि मुळात चुकलं कुठे?

भूलभुलैया
औषधाच्या आधी पेशंटकडे बघा. एका कुशीवर वळवा, सक्शन हाताशी ठेवा. मग बीपी, ऑक्सिजन, दुखण्याची पातळी. बीपी पडलं की मळमळ होते, आणि ती उलटीच्या इंजेक्शनने जात नाही, सलाईनने जाते. पोट फुगलंय का, तेही हात लावून पाहा. मास्कने हवा देताना पोटात गेली असेल तर ती काढल्याशिवाय उमासे थांबायचे नाहीत.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही नको. ऑन्डॅनसेट्रॉन आणि ग्रॅनिसेट्रॉन सेरोटोनिनच्या एकाच रिसेप्टरवर बसतात. पहिलं देऊन सहा तास व्हायच्या आत तोच गट पुन्हा दिला तर पदरात फारसं काही पडत नाही. अँप्युलवरचं नाव बदललं म्हणून गट बदलत नाही. डोपामिन अडवणारं काहीतरी घ्या: ड्रोपेरिडॉल ०.६२५ मिग्रॅ, किंवा हॅलोपेरिडॉल ०.५ ते १ मिग्रॅ. ऑन्डॅनसेट्रॉन आधीच गेलंय आणि ही दोन्हीही क्यूटी (ईसीजीवरचं एक अंतर; ते फार वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात) वाढवतात, म्हणून ईसीजी आणि पोटॅशियम पाहून घ्या. पार्किन्सन असेल तर या गटाला हात लावायचा नाही.

मेटोक्लोप्रमाइड १० मिग्रॅ सवयीने दिलं जातं, पण या कामाला तो डोस तोकडा पडतो.

टिव्हा_पंखा
चुकलं ते ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी. ऑपरेशननंतर उलट्यांचा धोका सांगणारा अ‍ॅप्फेलचा स्कोअर मोजा, प्रत्येक मुद्द्याला एक गुण: स्त्री, धूम्रपान नाही, गाडी लागणं किंवा आधीच्या भुलीनंतर उलट्या, आणि ऑपरेशननंतर ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक). एकही मुद्दा नसेल तर धोका साधारण १० टक्के, मग २०, ४०, ६० आणि चारही असले तर ८०. तुमच्या पेशंटचे चारपैकी चार भरले, आणि हातात औषध एक!

पाच हजारांहून अधिक पेशंटांवरचा २००४ सालचा एक मोठा अभ्यास आहे. त्यात ऑन्डॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन (हे स्टिरॉइड) आणि ड्रोपेरिडॉल यांपैकी प्रत्येकाने धोका जवळपास सारखाच, म्हणजे साधारण एक चतुर्थांश कमी केला. मेख इथे आहे: दुसरं औषध उरलेल्याचा चतुर्थांश कापतं. ८० चे ६०, मग ४५, मग ३३ च्या आसपास. म्हणून एकाच औषधाचा डोस वाढवण्यापेक्षा वेगळ्या गटाचं दुसरं जोडावं. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक-दोन मुद्दे असतील तर दोन उपाय, त्याहून जास्त असतील तर तीन-चार. सेव्होफ्लुरेन-नायट्रस सोडून शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉलवर पूर्ण भूल देणं हाही त्यातलाच एक उपाय. माझं मत विचाराल तर अशा पेशंटला नायट्रस लावायचं कारणच नव्हतं. मॉर्फिनही कमी लागलं असतं: पॅरासिटामॉल, चालत असेल तर एनसेड (आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक), आणि छेदांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन.

अँप्युल_आणि_सुई
वेळेचंही बघा. ऑन्डॅनसेट्रॉनचं अर्धं आयुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) तीन-चार तासांचं, म्हणून ते ऑपरेशन संपता संपता द्यायचं. डेक्सामेथासोन ४ ते ८ मिग्रॅ उलट सुरुवातीला, कारण त्याला चढायला वेळ लागतो. मात्र पेशंट जागा असताना ते भसकन ढकललं तर जांघेत आणि गुदद्वाराभोवती असह्य खाज-जळजळ उठते, पेशंट टेबलावर तळमळतो. भूल चढल्यावर द्या, प्रश्नच मिटतो.

उलटीसाठी प्रोमेथाझिन वापरत असाल तर ६.२५ मिग्रॅ पुरतं. हातावरच्या बारीक शिरेत कधीच नाही: बाहेर झिरपलं किंवा धमनीत गेलं तर बोटं काळी पडण्यापर्यंत मजल जाते. शिरेतून द्यायचंच तर मोठी शीर, पातळ केलेलं औषध, चालू सलाईन आणि हळू हात. जळतंय म्हटलं की तिथेच थांबा.

औषध येईपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलचा स्वॅब नाकाखाली एक-दोन सेंटिमीटरवर धरून पेशंटला नाकाने खोल श्वास घ्यायला सांगा. काही मिनिटांचा आराम मिळतो. बिनखर्चाचं आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

रिकव्हरी_कॉट_४
आभार. ड्रोपेरिडॉल स्टॉकमध्ये नाही, हॅलोपेरिडॉल आहे. पेशंटला मधुमेह असता तर डेक्सामेथासोन टाळायचं का? आणि वॉर्डात दुखण्याला ट्रामाडॉल लिहिलंय, ते चालेल?

भूलभुलैया
मधुमेह आटोक्यात असेल तर ४ मिग्रॅचा एक डोस चालतो, फक्त पुढचे २४ तास साखर मोजत राहा. आधीच साखर भडकलेली असेल तर दुसरा गट निवडा.

ट्रामाडॉल बदलून घ्या. ते स्वतःच मळमळवतं, शिवाय ऑन्डॅनसेट्रॉनसोबत त्याचं दुखणं मारणं कमी होतं. मग नर्स डोस वाढवून मागते आणि उलट्या पुन्हा सुरू. हॅलोपेरिडॉल दिल्यावर पेशंट 'आतून कसंतरी होतंय, पडून राहवत नाही' म्हणाला तर ती घाबरगुंडी समजू नका, औषधाचा परिणाम आहे. पुढचा डोस थांबवा आणि भूलतज्ज्ञांना बोलवा.

अँप्युल_आणि_सुई
वॉर्डात पाठवताना कागदावर औषधाचं नाव, डोस आणि दिल्याची वेळ लिहा. नुसतं 'उलटीचं इंजेक्शन दिलं' असं लिहिलं की रात्रपाळीला पुन्हा ऑन्डॅनसेट्रॉनच जातं.