‘उठबस’ हा समास नव्हे, असे कोणी ठरवले?

फोंडा, शिक्षक : समास केवळ नामांचाच होतो, म्हणून ‘उठबस’, ‘येजा’ हे समासच नव्हेत, असे काल येथे लिहिले गेले. ते वाचून गप्प बसवत नाही. ‘त्यांची आमच्याकडे पुष्कळ उठबस आहे’ या वाक्यात ‘उठ’ आणि ‘बस’ हे उघड धातू असून, दोन्ही मिळून झालेला शब्द स्त्रीलिंगी नाम आहे. ‘बिनचूक’मध्ये अव्ययाला नाम जोडले आणि विशेषण मिळाले. घटकांची आणि जोडशब्दाची जात एकच असावी, असा हट्ट मराठीने कधी धरलेला नाही.

म्हापसा, मूळ लेखक : पाणिनीचे ‘सह सुपा’ हे सूत्र सुबंताचा, म्हणजे विभक्तिप्रत्यय लागलेल्या शब्दाचा, सुबंताशीच समास सांगते. शिवाय ‘उठबस’चा विग्रह ‘उठणे आणि बसणे’ असा होतो, आणि ही धातुसाधित नामेच आहेत. विग्रह न पाहता निकाल देऊ नये.

डिचोली, मुद्रितशोधक : २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्यापासून ‘खाणअवलंबित’ हा शब्द सतत हाताखालून जातो. नामाला धातुसाधित विशेषण जोडलेला हा शब्द मी एकत्र लिहितो आणि वरिष्ठ तो तोडतात.

म्हापसा, मूळ लेखक : जोडून लिहावे की तोडून, हा विषय नाही. कृपया चर्चा भरकटवू नये.

डिचोली, मुद्रितशोधक : विषय कसा नाही? ‘खाणींवर अवलंबित’मधले ‘वर’ गळाल्यावर उरलेले ‘खाण’ वाक्यात एकटे उभे राहूच शकत नाही. ‘खाण अवलंबित कुटुंबे’ असे छापले की त्या ‘खाण’चा कशाशीच संबंध लागत नाही. समास झाला हे कागदावर दाखवायचे ते जोडूनच. व्याकरणाचे जाणकार याकडे काणाडोळा करतात, याचा मला संताप येतो.

पेडणे, पालक : माझ्या मुलीने ‘येजा’ हा द्वंद्व लिहिला आणि ‘ही क्रियापदे आहेत’ असे सांगून तिचा गुण कापला गेला. ‘मग रस्तारोको काय?’ या तिच्या प्रश्नाला अद्याप उत्तर मिळालेले नाही.

फोंडा, शिक्षक : प्रश्न बिनतोड आहे. ‘रोको’ हे हिंदीतून आलेले आज्ञार्थी रूप असून त्याला कोणत्याही विग्रहाने नाम ठरवता येणार नाही. पाणिनीलाच साक्षीला बोलावायचे, तर मयूरव्यंसकादि गणातला, म्हणजे तयार समासांच्या यादीतला, ‘अश्नीतपिबता’ (‘खा, प्या’) हाही पाहावा, तेथे दोन्ही घटक आज्ञार्थी क्रियापदेच आहेत.

म्हापसा, मूळ लेखक : तो गणात आहे, हे मान्य, पण सूत्रात बसत नाही म्हणूनच गणात घ्यावा लागला. ‘येजा’ला द्वंद्व म्हणण्यास माझी यापुढे हरकत नाही. विग्रह मात्र मी ‘येणे आणि जाणे’ असाच करीन.

डिचोली, मुद्रितशोधक : विग्रह कसाही करा, परंतु कालच्या लेखात ‘ये जा’ असे तोडून छापले आहे, ते आधी जोडून घ्या.