‘बाई तक्रार मागे घेते’ म्हणून पोलीस मोकळे?

उंबरठा:
काल इथे कुणी लिहिलं, ‘बायकाच तक्रारी मागे घेतात, मग पुढे काही झालं की पोलिसांच्या नावाने बोंब कशाला?’ त्याचं उत्तर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून हा वेगळा धागा.

वसईच्या तरुणीचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर 2020 मध्ये तिने तुळिंज पोलिसांना लेखी दिलं होतं की जोडीदार मारतो, जिवे मारण्याची धमकी देतो. डिसेंबरमध्ये तिनेच अर्ज मागे घेतला. मे 2022 मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. तिने अर्ज मागे का घेतला, हे विचारून काय मिळणार? अर्ज हातात असताना पोलिसांवर कायद्याने कोणतं काम येतं, ते विचारा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम 5 वाचा: संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी आहे, मोफत वकील मिळतो, हे पोलिसाने तिला सांगायचं. लग्नासारखं नातं असलं तरी. नाही सांगितलं तर? कलम 33 ची शिक्षा फक्त संरक्षण अधिकाऱ्याला, तीही सरकारच्या परवानगीने. पोलिसाला त्या कायद्यात काहीच नाही.

डायरी_नोंद:
पोलीस ठाण्याचं काम माहीत नसलं की असं लिहिणं सोपं जातं. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे जुन्या दंडसंहितेची 323, 504, 506, सगळी अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही. 498अ, म्हणजे नवरा-सासरच्यांकडून छळाचं कलम, लावून सरसकट अटक केली तर 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने खातेनिहाय चौकशी आणि वर कोर्टाचा अवमान. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिने अटक नको, आधी कुटुंब कल्याण समिती, ही चौकटही उचलून धरली. अटक केली तरी आम्ही गुन्हेगार, नाही केली तरी आम्हीच?

उंबरठा:
अटकेपुरतं तुमचं खरं. तेवढंच. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, केली की हात बांधले, हे साफ चूक. नागरिक सुरक्षा संहितेच्या 174 खाली मॅजिस्ट्रेटची परवानगी ठाणंही मागू शकतं. 126 ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणं, आहे. आणि सगळ्यात आधी दवाखान्याची यादी, म्हणजे जखमा तपासण्यासाठी ठाण्याने द्यायचं पत्र! तपासणीत हाड मोडलेलं किंवा दात पडलेला निघाला तर तीच केस न्यायसंहितेच्या 117 ची, गंभीर दुखापतीची, दखलपात्र. यादीच दिली नाही तर फ्रॅक्चर कागदावर येणार कुठून? मग ‘मुका मार’ लिहायचं, ‘न्यायालयात दाद मागण्याची समज दिली’ म्हणून खाली ओळ टाकायची आणि बाईला त्याच घरी परत पाठवायचं.

घाटमाथा:
आणि 498अ च्या गैरवापराचं काय? परगावी राहणारी नणंद, अंथरुणाला खिळलेले सासरे, सगळ्यांची नावं एकाच कागदावर. पोलिसांच्या मानेवर शिक्षेची टांगती तलवार ठेवली की ते डोळे मिटून गुन्हे नोंदवतील. निस्तरायचं कुणी?

कोर्टनाका:
मूळ प्रश्न भलतीकडे नेलात, पण आता आलाच आहात तर नीट वाचा. गुन्हा नोंदवला नाही म्हणून पोलिसाला शिक्षा देणारं कलम 2013 मध्ये आलं: जुन्या दंडसंहितेचं 166अ, आता न्यायसंहितेचं 199. सहा महिने ते दोन वर्षं. त्याच्या यादीत बलात्कार, ॲसिड हल्ला, विनयभंग आहेत. 498अ, म्हणजे आताचं 85, नाही! वर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173(3) ने उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशीची सोय आहे. ज्या तलवारीला तुम्ही घाबरताय ती अजून घडवलेलीच नाही.

घाटमाथा:
यादीत नाही हे मान्य. नसावंही, असंच माझं मत आहे. खोट्या केसमध्ये अडकलेल्या घरांबद्दल इथे एक ओळ तरी लिहा.

कोर्टनाका:
लिहितो. खरं-खोटं तपासायलाच नोंद लागते. जबाब नाही, जखमांचा दाखला नाही, तर निर्दोष माणूसही कशाच्या जोरावर सुटणार?

तक्रार मागे घेण्याबद्दल: ओपुझ विरुद्ध तुर्कस्तान, 2009. तिथेही मायलेकींनी तक्रारी मागे घेतल्या होत्या. पुढे जावयाने सासूला गोळी घातली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने राज्याला जबाबदार धरलं. धोका गंभीर असेल तर तक्रार मागे घेतली तरी सरकारने कारवाई पुढे न्यायला हवी, हे त्या निकालात स्पष्ट आहे.

डायरी_नोंद:
तुर्कस्तानचा निकाल आमच्या ठाण्याला लागू होत नाही. तक्रार मागे घेण्याचा जबाब नवऱ्याला बाहेर बसवून, महिला अंमलदारासमोर, एकटीचा घ्यावा, इथपर्यंत मी येतो. पण उद्या इथेही अशी जबाबदारी धरून भरपाई मागाल, ती अंमलदाराच्या पगारातून? कदापि नाही.

उंबरठा:
पगारातून मागितली कुणी? भरपाई सरकारने द्यावी. 1993 च्या नीलाबती बेहरा निकालापासून राज्यघटनेच्या कलम 21 (जगण्याचा हक्क) खाली तो रस्ता उघडा आहे. तो कोठडीतल्या मृत्यूवरचा होता, तो आता न केलेल्या कामापर्यंत न्यायला हवा. पण कलम 5 प्रमाणे काय सांगितलं, यादी दिली का, धमकीवर काय केलं, हे त्याच दिवशी स्टेशन डायरीत नसेल तर शिक्षा त्या अंमलदाराला आणि त्याच्या पीआयला (पोलीस निरीक्षकाला). आणि 199 च्या यादीत 85 घाला.

डायरी_नोंद:
पीआयला धरणार असाल तर माझा विरोध थोडा कमी होतो. थोडाच.